काढा म्हणजे नेमके काय?

जुलै महिना होता. मावळात भातलावणीची घाई सुरू होती आणि पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. सोमाटण्याच्या परिसरातील काही विज्ञान शिक्षकांशी आमच्या गप्पा चालल्या होत्या. आठवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या वर्गातली गोष्ट सांगितली. निम्मा वर्ग खोकत होता. त्यांनी मुलांना विचारले, "घरी औषध काय घेता?" सगळ्यांचे उत्तर एकच आले : "काढा." कशाचा काढा? कुणी म्हणाले अडुळशाचा, कुणी तुळस-मिऱ्यांचा, कुणी गुळवेलीचा. काहींना फक्त "आजी करते तो" एवढेच ठाऊक होते. एवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, चहासुद्धा उकळूनच करतात. मग चहा हा काढाच ना?"

बाईंना 'हो' म्हणवेना आणि 'नाही'ही म्हणवेना. म्हणून तो प्रश्न त्यांनी आमच्यापुढे ठेवला. वरवर गमतीचा वाटणारा हा प्रश्न चांगलाच खोल आहे. काढा हे एखाद्या औषधाचे नाव आहे, की औषध करण्याच्या रीतीचे? आमच्या मते ते रीतीचे नाव आहे. हे न कळल्यामुळे घरोघरी जे गोंधळ होतात, त्यांतले काही जिवावरही बेतू शकतात. तेव्हा हा शब्द जरा उलगडून पाहू या.

शब्दाचे कूळ

'काढा' हा शब्द 'काढणे' या क्रियापदावरून आला असावा, असे आपल्याला सहज वाटते. वनस्पतीतला गुण पाण्यात 'काढला', म्हणून काढा! पण भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दाचे मूळ वेगळे दिले आहे. संस्कृतात 'क्वथ्' म्हणजे उकळणे आणि 'क्वाथ' म्हणजे उकळून केलेले द्रव. प्राकृतातून मराठीत येताना क्वाथचा काढा झाला. याच घरातले आणखी शब्द आपण रोज वापरतो : दुधाला येणारा कढ, अंघोळीचे कढत पाणी, लोणी कढवणे, ताकाची कढी आणि आजाऱ्याला देतात ते मुगाचे किंवा कुळथाचे कढण. कढई मात्र या घरातली नव्हे, ती 'कटाह' या शब्दावरून आली. 'काढणे' हे क्रियापदही वेगळ्या मुळाचे आहे.

म्हणजे 'काढा' या शब्दात वनस्पतीचा उल्लेखच नाही, रोगाचाही नाही. त्यात आहे ती फक्त उकळण्याची क्रिया. इंग्रजीतल्या 'डिकॉक्शन' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही उकळून आटवणे असाच आहे. गंमत म्हणजे दाक्षिणात्य कॉफीचे जे 'डिकॉक्शन' असते, ते उकळलेले नसतेच. कॉफीच्या पुडीवर गरम पाणी ओतून ते झिरपू देतात. नाव एक आणि कृती दुसरी!

पाच रीती, पाच नावे

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांना हा फरक चांगला ठाऊक होता. चरकसंहितेत वनस्पतीपासून औषध करण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत. त्यांना मिळून 'पंचविध कषाय कल्पना' म्हणतात. नावे अवघड वाटली तरी पाचही रीती आपल्या स्वयंपाकघरात आहेत.

ताजी वनस्पती ठेचून-पिळून काढलेला रस म्हणजे स्वरस. उसाचा रस हे त्याचे उदाहरण. वाटून केलेला गोळा म्हणजे कल्क, जशी आपली चटणी. रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलेले पाणी म्हणजे हिम, जसे धन्याचे पाणी. उकळते पाणी वनस्पतीवर ओतून थोड्या वेळाने गाळले की झाला फांट. किटलीत पत्ती टाकून वरून पाणी ओततात, तो साहेबी चहा म्हणजे फांट. आणि पाण्यात घालून उकळून आटवले की क्वाथ, म्हणजेच काढा.

आता त्या मुलीला उत्तर देता येईल. आपल्या टपरीवरचा खळखळून उकळलेला चहा कृतीने काढाच आहे. किटलीतला चहा मात्र काढा नव्हे. पत्ती तीच आणि पाणीही तेच, पण कपात उतरते ते सारखे नसते. म्हणून तर दोन्हींची चव वेगळी लागते.

उकळल्याने काय होते?

वनस्पतीतील उपयोगी पदार्थ पेशींच्या आत बंदिस्त असतात. पाणी आत शिरले पाहिजे, पदार्थ त्यात विरघळला पाहिजे आणि ते द्रावण पेशीबाहेर आले पाहिजे. उष्णता या तिन्ही गोष्टींना मदत करते. पेशींची पटले फाटतात, बहुतेक पदार्थांची विद्राव्यता वाढते आणि रेणूंचे पसरणेही जलद होते. पान कोवळे असेल तर हे लवकर घडते. साल, मूळ किंवा लाकूड असेल तर वेळ लागतो. काढ्यासाठी वनस्पती भरड कुटायला सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे. लहान तुकड्यांचा पाण्याशी संपर्क जास्त होतो. मात्र वस्त्रगाळ पूड केली तर तिची खळ होते आणि काढा गाळता येत नाही.

पाण्यात सगळेच पदार्थ उतरत नाहीत. साखरेसारखे पदार्थ, क्षार आणि टॅनिने चांगली उतरतात. अल्कलॉइड हा वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त पदार्थांचा वर्ग. शुद्ध रूपात यांतले बरेच पदार्थ पाण्यात फारसे विरघळत नाहीत. परंतु वनस्पतीत ते सेंद्रिय आम्लांशी जोडलेल्या क्षारांच्या रूपात असतात आणि म्हणून काढ्यात येतात. तेले, मेणे आणि राळ मात्र बहुतांशी चोथ्यातच राहतात.

काढ्याला 'कषाय' असेही म्हणतात. या शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत, तुरट चव आणि तांबूस-भगवा रंग. भिक्षूंची 'काषाय' वस्त्रे आपल्याला माहीत आहेतच. पेय, चव आणि रंग हे तीन अर्थ एका शब्दात कसे आले असतील? रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर तिघांना जोडणारा एक दुवा दिसतो, तो म्हणजे टॅनिन. अनेक साली आणि फळे उकळली की टॅनिने पाण्यात उतरतात आणि पाणी तांबूस होते. ही टॅनिने लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, म्हणून तोंड ओढल्यासारखे वाटते. तोच तुरटपणा. हिरड्यात टॅनिने भरपूर असतात. कातडी कमावणे आणि कापड रंगवणे या दोन्ही कामांत हिरडा वापरतात तो यामुळेच.

आटवण्याचे गणित

शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचे माप दिले आहे. एक पल भरड औषधाला सोळापट पाणी घ्यावे आणि मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावे. पल म्हणजे हल्ली ४८ ग्रॅम धरतात. सोयीसाठी आपण ५० ग्रॅम धरू. पाणी झाले ८०० मिलिलिटर आणि काढा उरला १०० मिलिलिटर. दुसऱ्या एका रीतीत औषधाच्या कठीणपणावरून पाणी ठरते. मऊ असेल तर चौपट, मध्यम असेल तर आठपट, कठीण असेल तर सोळापट, आणि पाव हिस्सा उरवायचा.

एवढे पाणी घालून ते आटवायचे, तर आधीच कमी का घालू नये? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारा. आमच्या मते या मापात दोन गोष्टी एकदम साधतात. एक तर जास्त पाण्यात जास्त पदार्थ उतरतो. दुसरे म्हणजे, घरात घड्याळ नसलेल्या काळात आटणारे पाणी हेच घड्याळ होते. साल कठीण असेल तर तिला जास्त वेळ उकळायला हवे, म्हणून पाणी जास्त. तापमानाची चिंता नको, कारण पाणी उकळू लागले की ते पुढे वाढत नाही. सोमाटणे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते, एवढाच काय तो फरक.

आता घरच्या काढ्याकडे पाहा. 'मूठभर पाला, तांब्याभर पाणी, दोन उकळ्या.' मूठ कुणाची? पाला ताजा की वाळलेला? दोन उकळ्या म्हणजे किती मिनिटे? याची उत्तरे घरागणिक बदलतात आणि त्याबरोबर कपात उतरणारे औषधही बदलते.

उकळणे नडते तेव्हा

उकळणे दर वेळी फायद्याचेच असते असे नाही. तुळस, दालचिनी आणि गवती चहा यांचा गुण बाष्पनशील तेलांत असतो. ही तेले वाफेबरोबर उडून जातात. काढा उकळताना घरभर सुटणारा सुरेख वास म्हणजे भांड्यातून निघून गेलेला माल! अशा वनस्पतींना झाकून ठेवलेला फांट जास्त मानवतो.

काही पदार्थ उष्णतेने मोडतात. याचे शेतकऱ्यांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर साध्या पाण्यात भिजवतात, सकाळी गाळून घेतात, साबणाचे पाणी मिसळतात आणि एकूण १०० लिटर द्रावण करून फवारतात. यात उकळणे कुठेच नाही. निंबोळीतले कीडरोधक द्रव्य अझाडिरॅक्टिन उष्णतेने आणि उन्हाने मोडते. म्हणून द्रावण ताजेच वापरायचे आणि उन्हे उतरल्यावर फवारायचे. (आयुर्वेदात 'अर्क' म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळवलेले पाणी. शेतीतला 'अर्क' म्हणजे नुसते भिजवून काढलेले द्रावण. येथेही नाव एक आणि कृती दुसरी.)

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर औषध शोधताना तू योयो यांच्या गटाला एका वनस्पतीच्या अर्कांपासून कधी गुण दिसे, कधी दिसत नसे. मग चौथ्या शतकातील को हुंग याच्या ग्रंथातली कृती त्यांनी पुन्हा वाचली. त्यात वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितले होते, उकळायला नाही. १९७१ साली त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारे ईथर वापरून अर्क काढला आणि त्याचा गुण खात्रीने दिसू लागला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हाती आले. या कामासाठी तू योयो यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उलट काही ठिकाणी उकळणे हाच बचाव असतो. बचनागातले अकोनिटिन हे जहाल विष दीर्घकाळ उकळल्यावर मोडून सौम्य होते. मात्र वेळ कमी पडली तर ते प्राण घेते. असल्या वनस्पतीला घरी हातही लावू नये.

वनस्पती तीच आहे ना?

मावळच्या डोंगरांवर कुडा सर्वत्र दिसतो. त्याच्या फुलांची आणि शेंगांची भाजी आवडीने खातात. पांढऱ्या कुड्याच्या सालीचा काढा हे आवेवरचे जुने औषध आहे. १८५८ साली हेन्स या रसायनतज्ज्ञाने या सालीतून कोनेसिन हे अल्कलॉइड वेगळे केले. आवेच्या अमीबाला ते मारते, हे पुढे सिद्धही झाले. पण याच डोंगरावर काळा कुडाही असतो. दोघांनाही चीक आहे, पांढरी फुले आहेत आणि जोडीने लागणाऱ्या लांब शेंगा आहेत. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. झाडावर शेंगा नसताना, नुसत्या सालीवरून हे कोण ओळखणार? बाजारात या दोन सालींची भेसळ फार जुन्या काळापासून होत आली आहे. काळ्या कुड्याची साल कितीही नेमाने उकळली तरी तिच्यातून पांढऱ्याचा गुण येणार नाही. आवेचा आजार असलेल्या मुलाला तर आधी मीठ-साखर-पाणी द्यायचे आणि डॉक्टरकडे न्यायचे.

गुळवेलीचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यावा असे सुचवले होते. या यादीत गुळवेल नव्हती. तरीही 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून अनेक घरांत गुळवेल उकळू लागली आणि लोक ती महिनोन् महिने पीत राहिले. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत आढळलेल्या सहा रुग्णांची माहिती डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. या रुग्णांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. २०२२ साली देशातील १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल, हे पाहायला हवे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या वादात कोणतीही बाजू खरी धरली, तरी काढा पिणाऱ्याने घ्यायचा बोध एकच आहे. वनस्पती ओळखल्याशिवाय आणि किती दिवस घ्यायचे हे ठरवल्याशिवाय घेतलेला काढा निरुपद्रवी नसतो. 'झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?' या वाक्याला विज्ञानाचा आधार नाही. ज्याच्यात गुण करण्याची ताकद आहे, त्याच्यात अपाय करण्याचीही ताकद असते.

काढ्यापासून मात्रेपर्यंत

विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. १७७५ साली जलोदरासारख्या सुजेवर एका म्हातारीचा घरगुती नुस्खा त्याच्यापर्यंत पोचला. त्यात वीसहून अधिक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्ह या एकाच वनस्पतीचा आहे, हे त्याने ताडले. सुरुवातीला तो तिच्या पानांचा काढाच देत असे. पण ही वनस्पती हृदयावर जोरदार परिणाम करते. थोडी कमी पडली तर गुण येत नाही आणि थोडी जास्त झाली तर रोग्याच्या जिवाला धोका. काढा करणाऱ्याच्या हातावर मात्रा अवलंबून राहते, शिवाय फार उकळण्याने गुण कमी होत असावा, असे त्याला वाटू लागले. म्हणून त्याने काढा सोडून फांट सुरू केला आणि पुढे वाळवलेल्या पानांची मोजलेली पूड. दहा वर्षांच्या नोंदी त्याने १७८५ साली पुस्तकरूपाने छापल्या. त्यात फसलेल्या रुग्णांच्या नोंदीही होत्या.

आपल्या अडुळशाचा प्रवासही असाच आहे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावतात आणि खोकला झाला की त्याचीच पाने तोडतात. या पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडच्या रचनेवरून १९६० च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झाले. त्याच घराण्यातले अँब्रोक्सॉल आज औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते. दोन्ही औषधे घट्ट कफ पातळ करतात. आजीच्या ज्ञानातले सत्य प्रयोगशाळेत उतरले ते असे. पण याच व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतो. म्हणून गरोदर स्त्रीने अडुळशाचा काढा घेऊ नये. हा इशारा बाटलीवर छापता येतो, कुंपणावर कोण छापणार?

वर्गात करून पहा

१. तीन पेल्यांसाठी प्रत्येकी एक सपाट चमचा चहाची पूड आणि १०० मिलिलिटर पाणी घ्या. पहिल्यात थंड पाणी घालून अर्धा तास ठेवा (हिम). दुसऱ्यात उकळते पाणी ओतून पाच मिनिटे झाका (फांट). तिसरे दहा मिनिटे उकळा आणि आटलेले पाणी घालून पुन्हा १०० मिलिलिटर करा (काढा). तिन्ही गाळून रंग पाहा. मग काढ्याच्या चमचाभर नमुन्यात मोजून पाणी घालत जा आणि त्याचा रंग फांटाइतका फिका करा. किती चमचे पाणी लागले, यावरून काढ्यात किती पट जास्त रंगद्रव्य उतरले याचा अंदाज येईल.

२. लोखंडी खिळे दोन-तीन दिवस व्हिनेगारमध्ये बुडवून ठेवा. या द्रावणाचे काही थेंब हिरड्याच्या किंवा चहाच्या काढ्यात टाका. काळसर-निळी शाई तयार होईल. टॅनिन आणि लोह यांची ही अभिक्रिया आहे. हिरड्याचा काढा लोखंडी भांड्यात का करू नये, ते यावरून कळेल.

३. हिरड्याच्या गाळलेल्या काढ्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळलेले थोडे पाणी घाला. द्रावण गढूळ होईल. तुरट चव तोंडात जे करते, ते येथे डोळ्यांनी दिसते.

४. तुळशीची पाने झाकण ठेवून उकळा. झाकणाखाली जमलेल्या थेंबांचा वास घ्या. मग तेवढीच पाने उघड्या भांड्यात तितकाच वेळ उकळा आणि दोन्ही पाण्यांच्या वासाची तुलना करा.

उकळण्याची कामे शिक्षकांनी स्वतः करावीत. प्रयोगातले काहीही चाखू नये.

पाच प्रश्न

मावळातच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केले आणि योगाच्या क्रियांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणे लावून मोजायला सुरुवात केली. परंपरेवर श्रद्धा असतानाही तिची मोजणी करता येते, हे त्यांनी दाखवले. काढ्याकडेही तसेच पाहता येईल. 'आजीचा आहे म्हणून उत्तम' आणि 'आजीचा आहे म्हणून खुळचट' ही दोन्ही उत्तरे विचार टाळणारी आहेत.

त्यापेक्षा मुलांना पाच प्रश्न विचारायची सवय लावू या. वनस्पती कोणती आणि तिचा भाग कोणता? पाणी किती घातले आणि किती उरले? उकळणे योग्य, की भिजवणे? किती घ्यायचे आणि किती दिवस? आणि कुणी घेऊ नये? ही उत्तरे मिळाली नाहीत तर काढा बाजूला ठेवावा आणि जाणकाराला विचारावे. काढा चालू असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

त्या बाईंनी नंतर वर्गात हेच केले. मुलांना घरच्या काढ्याची कृती मापासकट लिहून आणायला सांगितली. त्या वह्यांमध्ये 'अंदाजाने' हा शब्द सर्वांत जास्त वेळा आला होता. त्यांच्या वर्गात काढ्याच्या विज्ञानाचा पहिला धडा त्या शब्दापासून सुरू झाला.